शेपू आंब्याच्या नावाचा पुरावा

नेकनूरच्या पुढे रस्ता रुंद होणार होता. डावीकडे मुक्ताबाईंचा आंबा, उजवीकडे अमरसिंहरावांची बाभूळ. दोहोंपैकी एकाने जाणे भाग होते. शासन वृक्षप्रेमी असल्याने परिपत्रक निघाले: ज्या झाडाच्या नावाचा उगम सिद्ध होईल, ते राहील. त्यासाठी भगवानराव यांची वृक्षनाम-उगम निरीक्षक म्हणून नेमणूक झाली.

माघात ते आंब्याखाली आले. मोहोर नोंदवहीवर गळत होता. तो त्यांनी बाह्य हस्तक्षेप समजून झटकला.

"झाडाचे नाव?"

"शेपू आंबा," मुक्ताबाई म्हणाल्या.

"उगम?"

"फळाला शेपूच्या भाजीचा वास येतो. माज्या सासूनं ठेवलं नाव."

"वास सादर करा."

"आता निस्ता मोहोर हाय, सायेब. जेठात या, पाटीभर खाऊ घालते."

"अहवाल सोमवारी द्यायचा आहे."

"मग आंब्याला नोटीस काढा. तुमचं ऐकून पिकंल लवकर."

हा मजकूर नोंदवला गेला नाही. मुक्ताबाईंनी डब्यातून गेल्या उन्हाळ्यातली आंब्याची पोळी काढली. भगवानरावांनी हुंगली, वास आला. खाल्ली, पटले. उरलेला तुकडाही त्यांनी खात्री म्हणून खाल्ला आणि लिहिले: 'पुरावा तपासणीत नष्ट झाला.'

उजवीकडे व्यवस्था चोख होती. बाभळीला आदल्या सायंकाळपर्यंत नाव नव्हते. ही उणीव सकाळीच दूर झाली होती. बाँडपेपरवर लिहिले होते: लढाईस निघालेल्या एका राजाने येथे घोडा बांधला, म्हणून 'विजयबाभूळ'. खाली साऱ्या गावाच्या सह्या.

"कोणता राजा?"

"राजाला नाव इचारायची आपली पायरी हाय का, सायेब?" अमरसिंहराव म्हणाले.

भगवानराव आदराने उठून उभे राहिले. "पण झाड बारा वर्षांचे दिसते."

"घोडा बी लहानच होता."

उगम सिद्ध झाला.

आंबा सोमवारी दुपारपर्यंत आडवा झाला. मोहोराचा वास मात्र दोन दिवस यंत्रांच्या धुरालाही जुमानत नव्हता. त्यावर कार्यवाही करण्याची तरतूद नव्हती.

गेल्या रविवारी परळीला दर्शनाला जाताना आपण विजयबाभळीपाशी गाडी थांबवलीत. फलक वाचून आपला ऊर भरून आला; घोडा नेमका कुठे बांधला असेल, तेही आपण मुलांना दाखवलेत. समोर, पूर्वी आंब्याची सावली पडायची तिथे, उन्हात एक बाई शेळ्या घेऊन उभी होती. फोटोत येत होती, म्हणून आपणच तिला जरा बाजूला व्हायला सांगितलेत.