टेंभरेभाऊंचे कोरे ॲप

टेंभरेभाऊंनी बनवलेले ॲप उघडले की काहीच दिसत नाही. पांढरा पडदा आणि कोपऱ्यात अधिकचे एक चिन्ह. बटणे आपली आपण करायची. चित्र निवडायचे, आपला आवाज भरायचा आणि ‘असे झाले तर तसे कर’ हा नियम जोडायचा.

फुलचूरला आमची घरे समोरासमोर आहेत. मी एकदा म्हणालो, "भाऊ, दोन-चार बटणे तयार देत जा."

"काऊन? घर तुमचं, अन् खुंटी मी ठोकू?"

माझी टाकी बावीस मिनिटांत भरते. तेवढ्या वेळाने मोटर बंद करायला ओरडणारे बटण मी केले. भाऊंनी ते सगळ्या गल्लीला दाखवले. नागझिऱ्याच्या एका गाईडने वाघ, बिबट, अस्वल यांच्या ओळीत ‘पर्यटक झोपला’ असेही बटण केले, तेव्हा तर ते दिवसभर हसत होते. "त्याले लागते जी, त्यानं केलं!"

त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, वाचता येत नाही. त्या देवरीला एकट्या राहतात आणि इकडे यायला तयार नाहीत. भाऊंना त्याचा घोर. रोज सकाळी आक्कांनी चुलीचे चित्र दाबायचे; अकरापर्यंत दाबले नाही तर भाऊंचा फोन ओरडणार, असे ठरले. भाऊंनी दोन रविवार देवरीला जाऊन सगळे शिकवले. मात्र आक्कांनी बटण केले तेव्हा हे तत्त्वाचे गृहस्थ मुद्दाम पाठ करून बसले आणि न बघताच बसने परतले.

सोमवारी अकराला मी त्यांच्याकडेच होतो. फोन ओरडला, तोही आक्कांच्या आवाजात: "बाबू, जेवला का नाही अजून?"

भाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी घाईने फोन लावला. "आक्का, बरी आहेस ना? बटण काऊन नाही दाबलं?"

"मी कायले दाबू? फोटो तुहा लावला मी. जेवला की तुह्या फोनात तू दाबायचं. बायको गेली तेव्हापासून चहा-बिस्किटावर जगून राहिला. मले समजत नाही का?"

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "नियम बदलता येईल की."

"तिनं केला जी," भाऊ म्हणाले आणि उठून तांदूळ धुवायला लागले.

डाळ निवडून झाली. पाणी किती घालायचे, हे विचारायला त्यांनी पुन्हा देवरीला फोन लावला. वाटीला तीन वाट्या, हे मला माहीत होते. मी सांगितले नाही.