कपाटामागचे मास्तर

कपाट मास्तरांनी स्वतः बनवलं होतं, तेव्हा ते वरच्या मजल्यावर नेणं हेही त्यांचंच काम, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. शाळेत वर्षानुवर्षं सुतारकाम शिकवून त्यांना एक खोड जडली होती. दुसऱ्याच्या हातात रंधा दिसला की तो काढून घ्यायचा. घरीही तेच. नळ गळो की पंखा कुरकुरो, मास्तरांचं उत्तर ठरलेलं, "मी आहे ना!"

त्या रविवारी संध्याकाळी चर्चच्या मंडळींची प्रार्थनासभा त्यांच्याकडे होती. वरच्या मोठ्या खोलीत खुर्च्या मांडून झाल्या होत्या. बोलायचंही मास्तरांनाच होतं. विषय होता, आपल्या बळावर नव्हे तर देवावर विसंबून जगणं. मास्तरांनी तो एकट्यानं, कुणालाही न विचारता, चोख तयार केला होता. मंडळी यायला अजून अवकाश होता, म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या.

"अहो, समोरचे ड्रायव्हरभाऊ घरीच आहेत. हाक मारू का?" बायकोनं विचारलं.

"कशाला? मी आहे ना!"

"कपाट तुमच्यापेक्षा उंच आहे."

"उंचीचं काय घेऊन बसलीस? युक्ती लागते, युक्ती!"

बायको वर आपल्या आईकडे निघून गेली.

युक्ती जिन्याच्या वळणापर्यंत झकास चालली. वळणावर कपाट फिरवायचं होतं. त्यासाठी मास्तर कोपऱ्यात शिरले, कपाटाला मिठी मारली आणि जोर लावला. कपाट फिरलं. फिरलं ते कठडा आणि भिंत यांच्यामध्ये असं चपखल बसलं, की घर बांधतानाच तिथे ठेवलं असावं. मास्तरांच्या दोन बाजूंना भिंती आणि तिसरीकडे कपाट. तिरक्या फटीतून त्यांचा एक डोळा आणि अर्धी मिशी तेवढी बाहेर दिसत होती.

आवाज ऐकून सासूबाई वरच्या पायरीवर आल्या. "जावईबापू, अडकलात का?"

"नाही हो. विचार करतोय."

"बरं. मंडळी आली."

मंडळी खरंच आली होती. पुढे चर्चचे पाळकसाहेब, मागे बाजाची पेटी घेतलेल्या नर्सबाई, त्यांच्यामागे ड्रायव्हरभाऊ आणि आणखी सात-आठजण. सगळे वळणापाशी येऊन थांबले. वर खुर्च्या आणि चहा, खाली माणसं, मध्ये मास्तर.

"अरे बापरे!" ड्रायव्हरभाऊंनी कपाटाला हात घातला.

"हात लावू नका!" आतून मास्तर ओरडले. "पॉलिश ओलं आहे. आणि तुम्हाला कोन कळायचा नाही. मी सोडवतो. दोन मिनिटं."

दोन मिनिटं झाली. मग आणखी बरीच झाली. आतून एकदा 'हुप्प' असा आवाज आला, एकदा 'हाय हाय' असा. शेवटी नर्सबाई म्हणाल्या, "मास्तर, पोट आत घ्या."

"घेतलंय."

"मग बाहेर काय आहे?"

"तेही पोटच आहे."

पाळकसाहेब शांत माणूस. त्यांनी रुमाल अंथरला आणि पायरीवर बसले. "आपण इथेच सुरू करू या. मास्तर विचार करताहेत तोवर एक गीत होऊ दे."

नर्सबाईंनी मांडीवर पेटी घेतली. खालून पुरुष गायले, वरून सासूबाई आणि बायको. मधून मास्तरांचा एकच भरदार सूर कपाटात घुमून येत होता. तो नेहमीपेक्षा चांगला लागला, असं नंतर सगळ्यांनी कबूल केलं.

"आता प्रार्थना," पाळकसाहेब म्हणाले. "मास्तर, तुम्हीच करा."

कुणीतरी हळूच उसासा टाकला. मास्तरांची प्रार्थना म्हणजे मोठं प्रकरण असे. त्यात जगाच्या घडामोडी येत, हवामान येई, आणि आपण काय काय केलं याची माहिती देवाला सविस्तर मिळे.

"हे सर्वसमर्थ, दयाळू पित्या," मास्तरांनी घसा साफ करून सुरुवात केली, "आम्ही तुझी लेकरं, या सुंदर संध्याकाळी, तुझ्या चरणांशी..."

इथे त्यांच्या उजव्या पोटरीत गोळा आला. पाय झटकावा तर जागा नाही, वाकावं तर कपाट. चरणांशी म्हणता म्हणता मास्तर किंचाळलेच, "प्रभू, काढ रे मला इथून! मला नाही जमत!"

जिन्यावरचे सगळे मिटलेले डोळे उघडले.

"आमेन," वरून सासूबाई म्हणाल्या.

"आमेन!" ड्रायव्हरभाऊ उठले. "एवढंच बोलायचं होतं की, मास्तर! मघापासून वाट बघतोय."

त्यांनी खालची कड धरली, पाळकसाहेबांनी बाजू धरली, आणखी दोघे सरसावले. "उचला!" कपाट बोटभर वर गेलं, कठड्यावरून सुटलं आणि गोगलगाईसारखं सरकत वर चढलं. मास्तर कोपऱ्यातून बाहेर आले ते एका पायावर.

"थांबा, डावी बाजू मी..." त्यांनी हात पुढे केले.

"जावईबापू," वरून आवाज आला, "तुम्ही नुसते या."

मास्तर नुसते आले. रिकाम्या हातांनी जिना चढायची सवय नसल्यानं त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. आधी खिशात घातले, मग काढले, मग पाठीमागे बांधले.

वर सगळे स्थिरस्थावर झाले. मास्तर लंगडत पुढे येऊन उभे राहिले. "तर आजचा विषय..."

"विषय झाला की!" नर्सबाई म्हणाल्या. "मला तर पहिल्यांदा पुरता समजला. एरवी तुम्ही देवाला बातम्या देता. आज काहीतरी मागितलंत."

मंडळी खोखो हसली. पाळकसाहेब खिडकीबाहेर बघू लागले, पण त्यांचे खांदे हलत होते. मास्तरांच्या ओठांवर एक सडेतोड उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं, कारण पोटरी अजून ठणकत होती आणि नर्सबाई त्यांना खुर्चीत बसवून तीच चोळत होत्या.

तेवढ्यात बायको चहाचा ट्रे घेऊन आली. मास्तर सवयीनं अर्धे उठले. दर वेळी ट्रे तेच फिरवत, सगळ्यांना देऊन झाल्यावर उरलेला कप घेत. बायकोनं नुसतं बघितलं. ते परत बसले.

आज पहिला कप मास्तरांच्याच हातात आला. त्यांनी घोट घेतला आणि जीभ भाजली.

"अगं, किती गरम आहे हा!"

"चहा असाच असतो," बायको म्हणाली. "फुंकर मारून देऊ?"

मास्तर क्षणभर घुटमळले. मग त्यांनी निमूटपणे कप पुढे केला.