समासातले विद्वान

खरं म्हणजे तात्यांना कोणी विचारलंच नव्हतं. जेवताना सूनबाई नवऱ्याला सांगत होती, की सोमवारी अनुवादकाच्या नोकरीची तोंडी परीक्षा आहे, त्यासाठी शंभर वर्षांपूर्वीची एक इंग्रजी कादंबरी नेमलीय, आणि त्यातली चोरांची बोली तिच्या डिक्शनरीत सापडत नाही. तात्या पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाले, "मी आहे ना."

आता शब्द मागे कसा घेणार? (तात्या तीस वर्षं स्क्रूच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. एकदा दिलेला माल त्यांनी कधी परत घेतला नव्हता.)

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाचनालयातून कादंबरी मिळवली आणि तिथेच बाकावर बसून वाचायला घेतली. दोन पानांत त्यांना घाम फुटला. तिसऱ्या पानावर मात्र देव भेटला. समासात कोणीतरी पेन्सिलीने, बारीक अक्षरात, मराठीत अर्थ लिहून ठेवले होते. 'टॅनर: थोबाडीत.' तात्यांनी वाक्य तपासलं. हमाल कटकट करत होता, साहेबाने त्याला एक टॅनर दिला, हमाल मुकाट्याने निघून गेला. बरोबरच की. पुढे, 'बीक: सासू.' चोराला बीकसमोर उभं केलं आणि त्याची वाचा बसली. यात तर शंकाच नाही.

"हा विद्वान भेटला तर पाया पडेन," तात्या ग्रंथपालबाईंना म्हणाले.

"आधी मला कळवा. पुस्तकात लिहायला मनाई आहे," बाई म्हणाल्या.

घरी पुस्तक कपाटात गेलं आणि अर्थ तेवढे तात्यांच्या तोंडून बाहेर आले, अर्थातच स्वतःचे म्हणून. सूनबाई भराभर वहीत उतरवून घेत होती. मध्येच थांबली. "पण बाबा, चोराला सहा महिन्यांची शिक्षा सासू कशी देते?"

"काही सासवा देतात," तात्या आवाज खाली आणून म्हणाले. तरी स्वयंपाकघरात बायकोने भांडं आपटल्याचा आवाज झालाच.

सोमवारी सूनबाई परत आली ती गंभीर चेहऱ्याने.

"बीक म्हणजे काय, असं विचारलं. मी सासू म्हणाले. तिन्ही परीक्षकांनी पेनं खाली ठेवली. बीक म्हणजे मॅजिस्ट्रेट, बाबा. आणि टॅनर म्हणजे सहा पेनीचं नाणं. हमालाला बक्षिसी दिली होती."

तात्यांच्या पायाखालची जमीन सरकली. पोरीने वर्षभर घासून अभ्यास केला आणि आपल्या फुशारकीपायी सगळं मातीत गेलं. त्यांनी कपाटातून पुस्तक काढून तिच्यापुढे ठेवलं.

"यात माझं काही नाही, बेटा. कोणा गाढवाने समासात खरडलंय, ते मी माझं म्हणून खपवलं. चुकलो."

"ऐका तरी. नंतर त्यांनी शेवटचं प्रकरण पुढे केलं. तिथवर तुम्ही पोचलाच नव्हतात. मग मागचं-पुढचं वाचून माझी मीच अर्थ लावत गेले. बहुतेक बरोबर निघाले. झाली निवड."

तात्यांचा जीव भांड्यात पडला. तोवर त्यांच्या बायकोने चष्मा चढवून पुस्तक हातात घेतलं होतं. पान उलटत ती म्हणाली, "हा गाढव माझ्या ओळखीचा आहे."

"कोण?"

"लग्नाआधी मला याच अक्षरात पत्रं यायची."

तात्यांनी वाकून पाहिलं. रजिस्टरं भरून भरून बिघडण्याआधीचं त्यांचंच अक्षर होतं ते.

"लग्नानंतर पहिल्याच वर्षी तुम्ही याच वाचनालयातून पुस्तकं आणून कसल्याशा इंग्रजीच्या परीक्षेला बसला होतात," बायको म्हणाली. "आणि नापास झालात. तेव्हा माझी आई आपल्याकडे राहायला होती. सहा महिने."

तात्यांनी हात लांबवून पुस्तक मिटलं.

सूनबाईने एकदा सासूकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे. "बाबा, या घरापुरता तुमचा अर्थ बरोबर आहे."