कमळाच्या पानाची भिंत

लग्नाला आठ दिवस उरले असताना तिलक कटरेने ठरवलं की घराला नुसता चुना मारायचा नाही, घर सुधारायचं. बिघडलं ते तिथेच.

तिलक एम.एस्सी. होऊन दवनीवाड्याला परतला होता. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा, त्यामुळे साधी गोष्ट साधी ठेवणं त्याला जमत नसे. त्याने एका मासिकात वाचलं, की कमळाच्या पानावर डोळ्याला न दिसणारे बारीक उंचवटे असतात, त्यावर मेण असतं, म्हणून पाणी ठरत नाही. थेंब घरंगळतो आणि जाता जाता धूळही घेऊन जातो. परदेशात म्हणे तसा रंग निघाला होता. तिलकचं रक्त उसळलं. घरामागच्या तळ्यात हजार पानं डोलतायत आणि आपल्या भिंती दर पावसाळ्यात चिखलाने माखतायत!

त्याने राईस मिलमधून तुसाची बारीक राख आणली, मेण किसून रॉकेलात विरघळवलं आणि ताज्या चुन्यावर ते मिश्रण फासलं. ओसरी झाली, खोल्या झाल्या, देवघर झालं. उरलं ते गोठ्याला. (वाया घालवणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं.)

बाबांनी, म्हणजे चैनलालजींनी, खात्री करायला तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पिचकारी मारली. ती घसरत आली आणि त्यांच्याच चपलेवर थांबली.

"जमलं लेका!" ते म्हणाले. तिलकला डॉक्टरेट मिळाल्यासारखं वाटलं.

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी वरात घरी आली. दारात आई, धुरपताबाई, हळद कालवलेली परात घेऊन उभी. नव्या सुनेने दोन्ही तळवे हळदीत बुडवून दाराशेजारच्या भिंतीवर हात उमटवायचे, पाच सवाष्णींनी त्यांना कुंकू लावायचं, मगच सुनेचा पाय घरात. हे तिलकने शंभर लग्नांत पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे, ही बायकांची कामं म्हणून तो त्या वेळी मांडवातल्या वायरी तपासत असे.

दुर्गेश्वरीने हात टेकवले. काढले. हळद दोन पिवळ्या ओघळांनी खाली उतरली आणि भिंत कोरी करकरीत.

"पुन्हा लाव बाई, जोरानं!"

पुन्हा कोरी. बायकांत कुजबुज सुरू झाली.

"घरच सुनेले घेऊन नाई राहिलं," आत्याबाई म्हणाल्या. दुर्गेश्वरीचा चेहरा उतरला. पहिल्याच पावलाला असा शब्द लागला, की तो जन्मभर पुरतो.

"आत्याबाई, हे यश आहे!" तिलक मध्ये घुसला. "थेंबाचा पृष्ठभागाशी होणारा कोन—"

"कोन गेला चुलीत! काय लावलंस भिंतीले?"

"कमळाचं पान."

"नेम राहू द्या, देवघरात हात उमटवू द्या!" एक सवाष्ण म्हणाली.

"तिथंही लावलंय."

"गोठ्यात?"

तिलकने मान खाली घातली.

"बाप्पा! मंग शेजारच्या भैय्यालालच्या भिंतीवर लावा."

"अन् सून कोणाची होईन मंग, भैय्यालालची?" धुरपताबाई कडाडल्या. "काऊन रे तिलक, एक वीतभर जागा नाई सोडली?"

हळद दुर्गेश्वरीच्या कोपरापर्यंत ओघळली होती. आता तिने सासरी पहिलं वाक्य उच्चारलं.

"जरा भिंतीकडे तोंड करता का?"

तिला आपलं संशोधन जवळून पाहायचंय, या आनंदात तिलक वळला. "हे बघ, इथे हे उंचवटे—"

थाप्! पांढऱ्या कुर्त्यावर, पाठीच्या मधोमध, दहाच्या दहा बोटांसकट दोन पिवळे पंजे. एक थेंबही ओघळला नाही.

मग आत्याबाईंनी जवळ जाऊन पंजे निरखले. "उमटले बाई! याच घरचा आहे न हा? झालं त मंग."

पाच सवाष्णी ओळीने पुढे आल्या. कुंकू लागलं, अक्षता पडल्या, पाठीवरून आरती फिरली. दुर्गेश्वरी हसत उंबरा ओलांडून आत गेली. तिलक आपल्या शोधापासून दोन बोटांवर नाक ठेवून उभाच.

"नवरदेव, इकडे पाहा," फोटोग्राफर म्हणाला.

"हलू नको!" धुरपताबाई ओरडल्या. "पाठच पायजे."

अल्बमातला सगळ्यात मोठा फोटो तोच आहे. कोण आहे हे, असं पाहुण्यांनी विचारलं की दुर्गेश्वरी शांतपणे पान उलटते.

"आमच्या घरची भिंत."