कोशरावांचं शेवटचं वाक्य

‘रिफ्लेक्स’ या शब्दाचा अर्थ सकाळीच तपासून झाला होता. भांडण होतं ते शेवटच्या वाक्यावर.

“सर, ‘मात्र निश्चयी मनुष्य ही क्रिया रोखू शकतो,’ हे तुम्ही कुठून घेतलंत?” मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी विचारलं.

“माझ्यातून.”

“कुठल्याच पुस्तकात नाहीये.”

“म्हणूनच आपल्या कोशात पाहिजे!”

शब्दकोशाच्या त्या कचेरीत मुख्य संपादकांना सगळे कोशराव म्हणत. ‘अ’ लिहायला बसले तेव्हा त्यांच्या डोक्यावर काळेभोर केस होते. ‘च’पर्यंत ते पिकले आणि आता ‘र’ला मैदान साफ झालं होतं. स्वतः पडताळून पाहिल्याशिवाय कुठलाही अर्थ छापायला सोडायचा नाही, हा त्यांचा नियम. ‘घसरगुंडी’साठी ते बागेत मुलांच्या रांगेत उभे राहिले होते. ‘डुलकी’ तर त्यांनी इतक्या वेळा पडताळली, की बाईंनाच शेवटी आवाज चढवावा लागला.

त्यांना आणखी एक खोड होती. प्रश्न पुरा होण्याआधीच त्यांच्या तोंडून ‘नाही’ बाहेर पडायचं.

“सर, चहा?”

“नाही,” म्हणत कोशरावांनी कप पुढे ओढला.

त्या दिवशी ते जास्तच इरेला पेटले होते, कारण दुपारी प्रकाशक येणार होते. कोशरावांचं निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं. त्यांना ठेवायचं की राम राम म्हणायचं, हे आज ठरणार होतं. ‘ल’पासून ‘ज्ञ’पर्यंतचा मजकूर दुसऱ्याच कुणी लिहिणार, या विचारानं रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आपला निश्चय अजून किती पक्का आहे हे प्रकाशकांना दिसावं, म्हणूनच त्यांना ते वाक्य हवं होतं.

त्यांनी खुर्चीत बसून पायावर पाय टाकला आणि लाकडी पट्टी गुडघ्याखाली हाणली. पाय जागचा हलला नाही.

“बघा!”

“स्वतःच मारल्यावर काय, सर? मार कधी बसणार ते पायाला आधीच ठाऊक. दुसऱ्यानं मारायला हवं.”

“मग मारा तुम्ही.”

बाईंची तशी फार दिवसांची इच्छा होती, पण त्यांनी मन आवरलं आणि खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांकडे दुपारी चिटपाखरूही नसे. ते रबरी हातोडी घेऊन दोन-दोन पायऱ्या गाळत वर आले.

“टेबलावर बसा, काका. पाय लोंबकळू द्या. आता सैल सोडा.”

“मी निश्चय केलाय.”

“मग तोही सैल सोडा. तुम्ही पाय नुसता ताठ धरलाय. याला रोखणं म्हणत नाहीत, फसवणं म्हणतात.”

‘फसवणं’ हा शब्द कोशरावांना फार लागला. त्यांनी पाय सैल सोडला, दात मात्र आवळून धरले. पायावरचं लक्ष उडावं म्हणून डॉक्टरांनी त्यांना दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरानं ओढायला सांगितलं. कोशराव सगळा निश्चय बोटांत ओतून ओढू लागले आणि डॉक्टरांनी हळूच हातोडी मारली.

पाय ताडकन उडाला. त्यातली चप्पल सुटली ती थेट दाराजवळच्या कपाटावर रचलेल्या मुद्रितांच्या चळतीवर आदळली. चळत डुलली, कलली आणि नेमकं त्याच क्षणी दार उघडून आत आलेल्या प्रकाशकांवर कोसळली. प्रकाशकांनी डोळे मिटले, मान खाली घातली, हात वर फेकले. त्यातला एक हात शेजारच्या स्टुलावर ठेवलेल्या बाईंच्या चहाला लागला आणि तो चहा त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर आला.

“वा!” डॉक्टर आनंदून म्हणाले. “डोळे, मान, हात. सगळे रिफ्लेक्स उत्तम आहेत तुमचे.”

“आणि माझा सदरा?”

“त्याबद्दल मला सांगता येणार नाही.”

दुसऱ्या कुणीही अशा वेळी माफी मागितली असती. कोशराव एका पायात चप्पल घालून टेबलावरून उतरले आणि समजावू लागले, “मूळ लॅटिन शब्द. अर्थ मागे वळणं, वाकणं. आरशावर पडलेला उजेड जसा मागे वळतो, तसा गुडघ्याचा निरोप मेंदूपर्यंत न जाता मणक्यातूनच मागे वळतो आणि पाय उडतो. मेंदूला कळतं ते मागाहून.”

प्रकाशकांनी खांद्यावरचं ‘म’चं एक पान काढून बाजूला ठेवलं. माणूस तसा शांत होता.

“कोशराव, मी एकच विचारायला आलो होतो. कोश पुरा होईपर्यंत तुम्ही इथे—”

“नाही!”

कोशरावांचा चेहरा पांढराफटक पडला.

“—राहाल का, असं विचारत होतो,” प्रकाशक म्हणाले. “ठीक आहे. तुमची इच्छाच नसेल तर आग्रह कसा करणार?” आणि ते दाराकडे वळले.

कोशराव त्यांच्या मागे एक पाऊल गेले. पण बोललेला शब्द परत घ्यायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी ओठ घट्ट मिटले. बाईंना मात्र राहवेना. त्यांनी टेबलावरचं मुद्रित उचललं.

“साहेब, थांबा! हे ऐका. ‘रिफ्लेक्स : विचाराच्या आधी, इच्छेविना घडणारी शरीराची क्रिया.’ सरांचं ‘नाही’ हे असंच आहे. त्यात त्यांची काही इच्छा नसते. चहालासुद्धा ते नाहीच म्हणतात, आणि कप रिकामा होतो!”

प्रकाशकांनी मुद्रित हातात घेऊन शेवटपर्यंत वाचलं.

“पण पुढे लिहिलंय, निश्चयी मनुष्य ही क्रिया रोखू शकतो. यांच्याइतका निश्चयी मनुष्य मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. म्हणजे रोखता आलं असतं, तरी त्यांनी रोखलं नाही. म्हणजे ते मनापासूनच नाही म्हणाले.”

बाईंनी लाल पेन उघडून मुकाट्यानं कोशरावांसमोर धरलं.

कोशराव त्या वाक्याकडे बघत राहिले. आयुष्यात त्यांनी इतरांची हजारो वाक्यं खोडली होती, पण स्वतःचं खोडताना हात जड होतो हे त्यांना आज पडताळून मिळालं. मग ‘ल’ आठवला, ‘व’ आठवला, आणि त्यांनी एक सरळ रेघ ओढली.

“आता पुन्हा विचारतो,” प्रकाशक म्हणाले.

“एक मिनिट!” बाईंनी झटकन कोशरावांच्या कपात उरलेला चहा त्यांच्या तोंडाला लावला. “गिळू नका, सर. हं, विचारा साहेब.”

“कोश पुरा होईपर्यंत राहाल?”

गाल फुगवून कोशरावांनी होकाराची अशी मान हलवली, की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या.

चहा घशाखाली उतरतो न उतरतो तोच टेबलावरचा फोन वाजला. घरून होता. पत्नीचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता.

“अहो, काय झालं? राहिलात ना?”

“नाही!”

पलीकडून सुटकेचा एक मोठा निःश्वास ऐकू आला.

“बरं झालं बाई! मग उद्याचा डबा भरते.”