तीन गिटारी आणि चौथा माग

पिकअप लाकूड ऐकत नाही, फक्त तार ऐकते, असे माझे ठाम मत होते. आणि ते सिद्ध करण्यासाठी मी सलग तीन शुक्रवार वेचले. चहात साखर नसली तरी तो मुकाट पिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचे एखादे मत ठाम असणे, हीच मोठी धिटाई होती.

पिकअप म्हणजे लोहचुंबकावर केसाएवढी बारीक तार गुंडाळलेली डबी. गिटारीच्या पोलादी तारांखाली ती बसवली की तारांची थरथर तिला कळते आणि वायरीतून भोंग्यापर्यंत पोचते. माझी डबी मैनुद्दीनभाईंनी घडवली होती. सोलापुरात भवानी पेठेत ते जळालेल्या विजेच्या मोटारी नव्या तारेने पुन्हा भरून देतात. सहा हजार वेढे मोजून झाल्यावर चहा आला, म्हणून पुढचे त्यांनी अंदाजाने घातले.

"डबी एकच," मी त्यांना म्हणालो. "ती आलटूनपालटून तीन गिटारींत बसवणार. आवाज तोच येणार."

"नाही यायचा, भाऊ. एकाच रिळाच्या तारेनं दोन मोटारी भरतो मी. एक गुणगुणते, दुसरी कण्हते. घर बदललं की आवाज बदलतोच."

मी तिप्पण्णाशेठच्या चादरींच्या कारखान्यात कारकून. खाली मोटारींवर चालणारे चोवीस माग, वरच्या खोलीत मी. शुक्रवारी मागांना सुट्टी, म्हणून मलाही. त्यामुळे माझे सगळे संगीत शुक्रवारीच होई. जुन्या रेडिओच्या पाठीमागे वायर खुपसली की तो माझा भोंगा होत असे.

पहिली गिटार माझीच, पातळ प्लायवुडची. तिच्यातला स्वर पटकन उमटे आणि लाजून पटकन विझे; मला तो फार ओळखीचा वाटला. दुसरी एका शाळेने मोडीत काढलेली, मोठ्या पोटाची. तिचा स्वर फुगून येई, आणि रेडिओजवळ नेली तर स्वतःचाच आवाज ऐकून ती दावणीच्या म्हशीसारखी हंबरू लागे. तिसरीला पोटच नव्हते. मोडलेल्या हातमागाची सागवानी फळी सुताराकडून कापून घेऊन मी ती केली होती. तिची तार छेडावी, खाली जाऊन माठातले पाणी पिऊन यावे, तरी स्वर आपला खोलीत उभाच. सुतळीएवढा बारीक, पण सरळ.

माझे मत पार कोसळले. हरण्यात इतका आनंद असतो हे मला ठाऊक नव्हते.

त्याच सुमारास सिद्धारामअण्णांच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला पुण्याला निघून गेला. चार माणसांत मला चार शब्द बोलता येत नाहीत. आपले म्हणणे कुणाच्या कानावर जावे, अशी ही एकच जागा मला दिसत होती. समोर जाऊन विचारण्याचा धीर नव्हता, म्हणून पत्र लिहिले. उत्तर आले: शुक्रवारी लग्नांची कामे आहेत, बुधवारी दुपारी येतो.

बुधवारी अण्णा आले. आपली डबी ऐकायला मैनुद्दीनभाईही येऊन कोपऱ्यात बसले. खाली माग धडधडत होते. पण सोलापुरात ती धडधड म्हणजे शांतताच, ती मला ऐकूही येत नाही. मी पहिली गिटार गळ्यात घालून रेडिओ लावला.

घूंऽऽऽ.

"हे कुठलं गाणं म्हणायचं?" अण्णांनी विचारले.

"अजून सुरू केलं नाही."

मी घाईघाईने स्क्रू काढून डबी दुसऱ्या गिटारीत बसवली. घूंऽऽऽ. मग सागवानी फळीत. घूंऽऽऽ. तिन्ही लाकडांत तसूभरही फरक नाही. टाकून दिलेले माझे मत नको त्या वेळी परत आले होते.

"खालच्या मोटारी आहेत त्या," मी पुटपुटलो. "डबीला त्याही ऐकू येतात."

"मग खाली जावा की. धा मिनटं बंद ठेवा म्हणावं शेठला."

मी गेलो. तिसऱ्या पायरीवरून तिप्पण्णाशेठचे टक्कल दिसले. माझ्या एकट्यासाठी चोवीस माग थांबवा, हे वाक्य मनात नीट जुळवले, आणि तसाच परत वर आलो.

"शेठ कामात आहेत."

अण्णांनी चपला पायांत सरकवल्या. "एका माणसापुढं तोंड उघडंना तुमचं. हजारांपुढं कसं हुबं ऱ्हाणार? वाजवत असाल हो चांगलं, पर मला ऐकू यायला पायजे की." असे म्हणून ते जिना उतरून गेले.

तेवढ्यात रेडिओतून कडकड असा आवाज येऊ लागला. मैनुद्दीनभाई ताडकन उठले.

"ठिणगी उडतेय कुठं तरी. चौथ्या मागाची मोटार. परवाच म्हणलो होतो शेठना!"

ते धावत खाली गेले, आणि मिनिटभरात चोवीसच्या चोवीस माग थांबले. मला न जमलेले वाक्य त्यांनी एका दमात म्हटले असावे.

रेडिओतली घूंही थांबली. खिडकीतून पाहिले, तर अण्णांची सायकल बोळाच्या वळणाला पोचत होती. कदाचित अजून ऐकू जाईल. मी रेडिओ पूर्ण मोठा केला आणि सागवानी फळीची एकच तार छेडली. शुक्रवारी कधी आला नव्हता इतका निर्मळ स्वर आला. तो खोलीभर उभा राहिला, खिडकीतून बाहेर पडला, बोळात उतरला. सायकल वळणावर क्षणभर थबकल्यासारखी वाटली.

जिन्यावर पावले वाजली. खाली कांड्यांवर सूत भरणारी गोजरबाई दारात उभी होती.

"अवो कारकून, शेठ इचारत्यात, सगळं बंद केलं तरी वर कुटली मोटार चालू ऱ्हायलीया?"

मी तळहात तारांवर ठेवला.

तिने कान देऊन ऐकले. "हां, झाली बंद," ती म्हणाली, आणि खाली सांगायला गेली.