पात्राचं तिसरं कार्ड

"पाणी आहे तेवढंच पात्र, बाई. बाकी नुसती वाळू!" मुख्य संपादकांनी ठणकावून सांगितलं आणि सहसंपादक ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

शब्दकोश उद्या छापखान्यात जायचा होता. 'पात्र' ही नोंद ताईंची. नदी जिथून वाहते ती जागा, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. ताईंना पुढे तीनच शब्द हवे होते, 'पाणी नसतानाही तीच'. पण कोशाचा नियम असा, की प्रत्येक अर्थाला तीन कार्डं हवीत आणि प्रत्येक कार्डावर कुणीतरी खरोखर बोललेलं वाक्य, बोलणाऱ्याच्या ओळखीसकट. ताईंकडे दोन होती. एक नावाड्याचं, दुसरं त्यांच्या सासूबाईंचं.

"तिसरं कार्ड नाही, तर अर्थ नाही," संपादक म्हणाले. "आणि अकरा वर्षांत तुमची एक नोंद तरी मी हात न लावता गेलीय का?"

नव्हती गेली. हेच तर ताईंना जिव्हारी लागायचं. एक तरी नोंद जशीच्या तशी छापून यावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"मग प्रत्यक्षच बघू या ना, सर. नदी काही पळून चालली नाही."

संपादकांनी तावातावाने गाडी काढली. नदीवर पाटी होती: 'पात्रात वाहने नेऊ नयेत. पाच वाजता धरणाचे पाणी सोडले जाईल.'

"बघा सर, पाटीवरसुद्धा..."

"पाटी कोण बोललं? त्याची ओळख?" असं म्हणून त्यांनी गाडी थेट वाळूत घातली. "हे घ्या तुमचं पात्र! पाणी कुठंय? पन्नास पावलांवर!"

गाडी जागच्या जागी बसली. मागे घ्यायला गेले तर चाकं आणखी रुतली. साडेचार वाजले होते. संपादकांनी घाईघाईने क्रेनवाल्याला फोन लावला.

"नदीवर या. गाडी अडकलीय."

"काठावर का?"

"नाही, जरा खाली."

"म्हणजे पाण्यात गेली?"

"पाण्यात नाही हो! वाळूत, वाळूत!"

"असं होय! आलो."

ताई शेजारी शांतपणे उभ्या होत्या. तो एक शब्द संपादक कसा चुकवताहेत, ते त्या मोठ्या चवीने ऐकत होत्या. वीस मिनिटांनी फोन आला. क्रेनवाला नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या वाळूच्या डेपोत पोचला होता.

तेवढ्यात धरणाचा भोंगा वाजला. संपादकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, पात्रात! कोरड्या पात्रात उभा आहे मी! धावा!"

"मग आधीच नाही का सांगायचं, साहेब? पाच मिनिटांत आलो."

आणि खरंच आला. गाडी काठावर चढली आणि मागून पाणी येऊन चाकोऱ्या पुसून गेलं. संपादकांनी घाम पुसला. वळून बघतात तर ताईंनी कार्ड लिहून पुढे धरलेलं. वेळ आणि ठिकाणसुद्धा टिपलं होतं.

संपादकांनी कार्ड वाचलं. मग सवयीने त्यांचा हात लाल पेनाकडे गेला. "हे 'धावा' तेवढं काढू या का, बाई?"

"बोललेलं वाक्य बदलता येत नाही, सर. नियम तुमचाच आहे." ताईंनी स्वतःचं निळं पेन त्यांच्या हातात दिलं. "बोलणाऱ्याचं नाव तेवढं घाला. हुद्द्यासकट."